बालमेंदूविकार विभागात ‘अभ्यासात सहभागी व्हाल का?’ असे विचारतात तेव्हा

नीरक्षीर

बालमेंदूविकार विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात एक प्रश्न पालकांना हमखास बुचकळ्यात टाकतो. निदान नुकतेच झालेले असते, औषध आजच सुरू करायचे असते, आणि नेमके त्याच वेळी निवासी डॉक्टर एक माहितीपत्रक पुढे ठेवून विचारतात, ‘या आजारावर आमच्याकडे एक अभ्यास चालू आहे, आपण बाळाला त्यात सहभागी करून घ्याल का?’ तोंडाने कोणी बोलले नाही तरी मनात शंका एकच येते, की हे आमच्या लेकरावर उपचार करणार आहेत की प्रयोग. मी एका सार्वजनिक रुग्णालयाच्या अशाच विभागात काम करतो, तेव्हा या वादात मी त्रयस्थ नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

सगळ्या आजारांविषयी एकदम बोलण्यात अर्थ नाही, म्हणून एकच आजार घेतो. त्याला इन्फन्टाइल स्पाझम किंवा वेस्ट सिंड्रोम म्हणतात. साधारण तीन ते आठ महिन्यांच्या बाळाला तो सुरू होतो. नेहमीच्या आकडीसारखे अंग ताठ होणे, तोंडाला फेस येणे असे काहीच इथे दिसत नाही. बाळ झोपेतून उठते, मान एकदम पुढे झुकते, दोन्ही हात बाजूला फेकले जातात, कमरेत वाकते आणि क्षणात सैल पडते. काही सेकंदांनी पुन्हा तेच. असे दहा-वीस आचके ओळीने येतात आणि थांबतात. बघणाऱ्याला वाटते की बाळ दचकले, किंवा पोटात वायू धरला. त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट गुपचूप घडत असते. हसणारे बाळ हसेनासे होते, नजरेला नजर देईनासे होते, धरलेली मान पुन्हा सोडते. हा भाग आचक्यांपेक्षा गंभीर असतो, कारण ईईजीमध्ये, म्हणजे मेंदूतील विद्युतलहरींच्या आलेखात, त्या वेळी मेंदूची लय पूर्ण विस्कळीत दिसते आणि ती जितके आठवडे तशी राहील तितके बाळाच्या बौद्धिक वाढीचे नुकसान होत जाते.

या आजाराचे पहिले वर्णन संशोधनाच्या हेतूने झालेलेच नाही. विल्यम जेम्स वेस्ट या इंग्लंडमधील डॉक्टरांनी १८४१ साली ‘लॅन्सेट’ला पत्र लिहिले ते स्वतःच्या मुलाविषयी. जळवा लावल्या, डोक्यावर थंड पट्ट्या ठेवल्या, रेचके दिली, हिरड्यांना छेद दिला, अफूही देऊन पाहिली. कशाचाच उपयोग झाला नाही, असे त्यांनी लिहिले आणि कोणाला याविषयी काही माहीत असल्यास कळवावे अशी विनंती केली. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षे या आजारावर लागू पडणारे औषध नव्हते. १९५२ मध्ये गिब्ज दांपत्याने त्या विस्कळीत ईईजीला हिप्सअॅरिद्मिया हे नाव दिले आणि १९५८ मध्ये सोरेल यांनी एसीटीएच या हार्मोनने आचके थांबतात हे दाखवले. आजही आमच्या हातात प्रामुख्याने तीन औषधे आहेत: एसीटीएचचे इंजेक्शन, प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या, आणि व्हिगाबाट्रिन हे आकडीविरोधी औषध.

यांपैकी आधी कोणते द्यायचे, किती मात्रेत आणि किती दिवस, हे कोणी अनुभवी प्राध्यापकांनी अंदाजाने ठरवलेले नाही. ज्या पालकांनी आपल्या बाळाला चाचणीत सामील होऊ दिले, त्यांच्यामुळे ते कळले. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयातील ६३ बालकांवरील चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात प्रेडनिसोलोन वजनाच्या दर किलोला रोज ४ मिलिग्रॅम दिलेल्या गटात ५१.६ टक्के बालकांचे आचके थांबले, तर २ मिलिग्रॅम दिलेल्या गटात २५ टक्क्यांचेच थांबले. औषध तेच आणि दुकानात स्वस्तात मिळणारे. केवळ मात्रेचा प्रश्न योग्य रीतीने विचारला गेला म्हणून उत्तर मिळाले. हा प्रश्न परदेशातील रुग्णालये आपल्यासाठी विचारणार नव्हती. आपल्याकडे या आजाराच्या मुळाशी जन्मावेळी बाळ गुदमरणे किंवा पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्तातील साखर घसरणे ही कारणे फार मोठ्या प्रमाणात असतात, आणि बाळ आमच्यापर्यंत पोहोचते तेही उशिरा. तिकडच्या बाळांवर काढलेला निष्कर्ष इथे जसाच्या तसा लागू पडेल, असे धरून चालता येत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की ज्या विभागात उपचार होतात त्याच विभागात संशोधनही व्हावे आणि ते आपल्या बाळांच्या प्रश्नांवर व्हावे. पालकांनी मात्र प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नये.

माणगंगा

डॉक्टर, आपण वर्णन केलेल्या अवस्थेतून आम्ही गेलो आहोत, म्हणून लिहिते. माझा मुलगा पाच महिन्यांचा असताना सकाळी उठल्यावर असा वाकू लागला. सासूबाई म्हणाल्या, ‘पोट दुखत असेल, ओवा-हिंगाचा लेप लाव.’ तालुक्याच्या डॉक्टरांनी वायूचे थेंब दिले आणि दात येण्याच्या वेळी असे होते म्हणून सांगितले. दोष देण्यासाठी हे लिहीत नाही; तपासणीच्या खोलीत त्याला एकदाही आचका आला नाही, मग त्यांना तरी काय दिसणार? शेवटी माझ्या भावाने मोबाईलवर चित्रण केले आणि ते पाहताच पुण्याच्या बालमेंदूविकारतज्ज्ञांनी त्याच दिवशी ईईजी करायला सांगितला.

आम्हालाही अभ्यासाविषयी विचारले होते. कागद मराठीत होता, हे खरे. परंतु ‘यादृच्छिक पद्धतीने गटनिश्चिती करण्यात येईल’ हे वाक्य मी तीनदा वाचूनही मला समजले नाही, आणि मी पदवीधर आहे. निवासी डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढून समोर बसून सांगितले तेव्हा अर्थ लागला. त्यांनी एक गोष्ट न विचारता सांगितली, की तुम्ही नाही म्हणालात तरी औषध आजच आणि हेच सुरू होईल. या एका वाक्याने माझी भीती गेली. आम्ही सहभागी झालो. मात्र शेजारच्या बाकावरील जोडप्याने नकार दिला, आणि त्यांनाही तितक्याच आपुलकीने औषध समजावून दिलेले मी पाहिले.

रोखठोक

लेख चांगला आहे, पण चित्र थोडे गोड रंगवले आहे. २०१० साली आंध्र प्रदेश आणि गुजरातमधील मुलींवरील गर्भाशयमुख कर्करोगाच्या लसीचा प्रकल्प सरकारला थांबवावा लागला होता. संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या असल्याचे त्या वेळी उघड झाले, आणि संसदीय समितीनेही त्यावर कठोर ताशेरे ओढले. तेव्हा लोकांचा संशय हवेतून आलेला नाही.

दुसरे असे, की उपचार करणारा आणि अभ्यास करणारा डॉक्टर एकच असेल, तर हितसंबंधांचा संघर्ष होणारच. आजारी बाळ मांडीवर घेऊन बसलेली आई, ज्याच्या हातात बाळाचा जीव आहे त्या डॉक्टरला ‘नाही’ कशी म्हणेल? आणि यांतले किती अभ्यास खरोखर ज्ञानासाठी असतात, किती केवळ पदव्युत्तर प्रबंधाची अट पूर्ण करण्यासाठी?

नीरक्षीर

रोखठोक, आपला शेवटचा मुद्दा मी बिनशर्त मान्य करतो. प्रत्येक निवासी डॉक्टरला प्रबंध लिहावाच लागतो, त्यामुळे तीस-चाळीस बाळांचे छोटे अभ्यास होतात, बांधणी होऊन ग्रंथालयाच्या कपाटात जातात आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या महाविद्यालयात तोच विषय पुन्हा घेतला जातो. एवढ्या लहान संख्येतून बहुधा काहीच ठामपणे सांगता येत नाही. पाच-सहा रुग्णालयांनी एकच आराखडा वापरला तर तेवढ्याच श्रमांत उपयोगी उत्तर मिळेल. पण त्यासाठी विभागप्रमुखांनी एकमेकांशी बोलायला हवे, आणि ते अवघड काम आहे!

हितसंबंधांविषयी. आपण सांगितलेल्या प्रकरणानंतर नियम बरेच कडक झाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे आणि २०१९चे नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियम आता लागू आहेत. अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत डॉक्टरांखेरीज कायद्याचा जाणकार आणि सामान्य नागरिक असावाच लागतो. औषधाची चाचणी असेल तर पहिले बाळ घेण्यापूर्वी तिची राष्ट्रीय नोंदवहीत नोंद झालेली असली पाहिजे, आणि तो नोंदणी क्रमांक कोणीही महाजालावर पडताळून पाहू शकतो. चाचणीमुळे अपाय झाला तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई यांची तरतूद आहे. सात वर्षांवरील मुलांची स्वतःची तोंडी किंवा लेखी मान्यताही घ्यावी लागते. अर्भकांच्या बाबतीत मात्र सगळा भार आईवडिलांवरच असतो.

तरीही आईला नकार देणे जड जाते, हे नियमांनी सुटत नाही. आमच्याकडे त्यावर एक साधी पद्धत आहे. निदान आणि औषध समजावणारा डॉक्टर अभ्यासाचा विषय काढत नाही. ते काम दुसरी व्यक्ती करते, आणि बाळाला पहिला डोस दिल्यानंतर, आई पाणी पिऊन बसल्यानंतर करते. ज्या अभ्यासात औषधच गटानुसार ठरणार असते तिथे ही सवलत घेता येत नाही, कारण निर्णय डोसच्या आधी लागतो. अशा वेळी निदान आजी-आजोबांना फोन करून विचारण्याइतका अवधी मिळालाच पाहिजे, असा माझा आग्रह असतो.

अंशछेद

मी मूळची साताऱ्याची, सध्या ब्रिटनमध्ये वैद्यकीय संख्याशास्त्राचे काम करते. माणगंगाताईंना न समजलेल्या वाक्याविषयी लिहिते. त्याचा अर्थ एवढाच, की कोणत्या बाळाला कोणता उपचार मिळेल हे डॉक्टर ठरवत नाहीत. भिशीत चिठ्ठी निघावी तसे ते निघते. डॉक्टरांना निवड करू दिली तर अधिक आजारी बाळाला ते नकळत ‘जोरदार’ औषध देतात, आणि मग त्या गटाचा निकाल वाईट आला तर तो औषधामुळे की मुळातल्या आजारामुळे हे कधीच कळत नाही.

या आजारावरील इकडची २००४ची चाचणी अशी चिठ्ठी काढूनच झाली. १०७ बाळे होती. हार्मोन गटात, म्हणजे एसीटीएच किंवा प्रेडनिसोलोन मिळालेल्यांत, ५५ पैकी ४०, तर व्हिगाबाट्रिन गटात ५२ पैकी २८ बाळांचे आचके तेराव्या-चौदाव्या दिवशी पूर्ण थांबलेले होते. म्हणजे ७३ टक्के विरुद्ध ५४ टक्के. एवढेच वाचून थांबलात तर हार्मोन जिंकले असे वाटेल. पण बाळे चौदा महिन्यांची झाल्यावर पुन्हा पाहिले, तेव्हा आचके नसलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखे होते. फरक दुसरीकडे दिसला: ज्या बाळांत आजाराचे कारणच सापडले नव्हते, त्यांच्यात हार्मोन मिळालेल्यांचा विकास सरस होता.

पुढे दोन्ही औषधे एकत्र देऊन पाहिली गेली. ३७७ बाळांच्या त्या आंतरराष्ट्रीय चाचणीचा निकाल २०१७ मध्ये आला. दोन्ही औषधांच्या गटात ७२ टक्के, केवळ हार्मोनच्या गटात ५७ टक्के. सगळ्यांना आनंद झाला. मग दीड वर्षाच्या वयाला विकास तपासला, तर दोन गटांत फरक नव्हता. चाचणी दोन आठवड्यांवर संपवायची की दोन वर्षांवर, यावर उत्तर किती बदलते ते यातून दिसते. भारतीय अभ्यासांत बाळे गावी परत जातात, फोन क्रमांक बदलतात, त्यामुळे दीर्घ पाठपुरावा हाच सर्वांत कच्चा दुवा राहतो. पालकांनी सहभाग दिला असेल तर पुढच्या भेटीला येणे हे सहीपेक्षा मोठे योगदान आहे.

सूक्ष्मतरंग

मी ईईजी तंत्रज्ञ आहे. या आजारात आमची कसोटी लागते, कारण केवळ जागेपणीचा वीस मिनिटांचा ईईजी पुरेसा नसतो. बाळ झोपले पाहिजे आणि यंत्र चालू असतानाच जागे झाले पाहिजे, कारण आचके बहुधा उठल्या उठल्या येतात. म्हणून आम्ही सांगतो, की पहाटे लवकर उठवा, वाटेत बसमध्ये झोपू देऊ नका, आणि शेवटचे दूध इथे आल्यावर पाजा. तरीही निम्मी बाळे रिक्षातच झोपून, ताजीतवानी होऊन पोहोचतात. मग झोपेचे औषध, मग वाट पाहणे.

आणखी एक गोष्ट जी कुठल्या पुस्तकात लिहिलेली नाही. आपल्याकडे बाळाची टाळू रोज भरतात. तेलाने माखलेल्या डोक्यावर इलेक्ट्रोड, म्हणजे डोक्याला चिकटवायची तारांची टोके, धरत नाहीत, पेस्ट सरकते, आणि पडद्यावर जो गोंधळ दिसतो तो मेंदूचा की सुटलेल्या तारेचा हे ओळखणे कठीण होते. हिप्सअॅरिद्मियाच मुळात गोंधळासारखा दिसतो, त्यामुळे इथे ही चूक महागात पडू शकते. आदल्या रात्री डोके शिकेकाईने किंवा शाम्पूने धुवा आणि सकाळी तेल लावू नका.

चित्रणाविषयी: दुपटे बाजूला काढून पूर्ण अंग दिसेल असे, उजेडात, एकापाठोपाठ येणारे निदान चार-पाच आचके येईपर्यंत चित्रण करा. फक्त चेहऱ्याचे चित्रण आले तर हात फेकले गेले की नाही ते कळत नाही. आणि हे चित्रण नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप समूहात टाकू नका, डॉक्टरांनाच दाखवा.

माणगंगा

सूक्ष्मतरंग, आमचा पहिला ईईजी नेमका तेलामुळेच दुसऱ्या दिवशी करावा लागला होता!

इतरांच्या माहितीसाठी: स्टेरॉइडचे आठवडे सोपे नसतात. माझा मुलगा दिवसरात्र चिडचिडा झाला, सतत दूध मागू लागला, गाल फुगले. लोक म्हणू लागले, ‘बाळसे छान धरले आहे.’ मी कोणाला काय सांगणार? रक्तदाब दर आठवड्याला मोजून घ्यावा लागे, आणि आमच्या उपकेंद्रात इतक्या लहान दंडाचा पट्टा नव्हता. स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती कमी होते, म्हणून घरात कोणाला खोकला आहे का, क्षयरोग झाला होता का, हे औषध सुरू करण्यापूर्वी खोदून विचारले होते; सासऱ्यांची छातीची क्ष-किरण तपासणीसुद्धा करायला लावली. नववा महिना लागला तेव्हा आशाताई गोवर-रुबेलाच्या लसीसाठी बोलवायला आल्या, आणि ती इतक्यात देऊ नका असे लिहिलेली चिठ्ठी मला दाखवावी लागली. आचके दुसऱ्या आठवड्यात थांबले. तो पुन्हा हसला तो दिवस मात्र बराच पुढचा आहे.

आता एक प्रश्न. आमच्या ओळखीतील एका बाळाला व्हिगाबाट्रिन दिले आहे आणि त्याने दृष्टी जाते असे कोणीतरी सांगितले आहे. हे खरे आहे का?

नीरक्षीर

माणगंगाताई, अर्धे खरे आहे. व्हिगाबाट्रिनमुळे दृष्टिपटलाला इजा होऊ शकते. त्यात समोरचे दिसणे बहुधा टिकते, पण कडेचे दृष्टिक्षेत्र आक्रसते, आणि झालेले नुकसान भरून येत नाही. औषध जितके अधिक काळ चालेल तितका धोका वाढतो. प्रौढांचे दृष्टिक्षेत्र यंत्रावर मोजता येते, तान्ह्या बाळाचे तसे मोजता येत नाही, म्हणून नेत्रतज्ज्ञांकडून वेळोवेळी तपासणी आणि शक्य असेल तिथे औषधाचा काळ सहा महिन्यांच्या आसपास मर्यादित ठेवणे, हा मार्ग अवलंबतात. परंतु औषध घरच्या घरी एकदम बंद करणे अधिक धोक्याचे आहे, हे त्या कुटुंबाला आवर्जून सांगा.

शिवाय त्या बाळाला ट्यूबरस स्क्लेरोसिस हा आजार आहे का, ते विचारून घ्या. त्यात अंगावर भस्मासारखे फिकट पांढरे चट्टे दिसतात. या कारणाने आलेल्या आचक्यांवर व्हिगाबाट्रिनच पहिले औषध मानले जाते. १९९७ मधील फ्रेंच चाचणीत अशी २२ बाळे होती; व्हिगाबाट्रिन मिळालेल्या ११ पैकी ११ जणांचे आचके थांबले, हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड मिळालेल्या ११ पैकी ५ जणांचे. केवळ बावीस बाळे, तरी फरक इतका ठळक की जगभरची पद्धत बदलली. लहान अभ्यासांवर मी वर टीका केली आहे. हा त्याला सणसणीत अपवाद.

साखर घसरण्याविषयी वर एकच वाक्य लिहिले होते, ते थोडे वाढवतो. अशा बाळांच्या एमआरआयमध्ये डोक्याच्या मागच्या भागाला, म्हणजे दृष्टीशी संबंधित मेंदूला, इजा झालेली दिसते. मागे चौकशी केली की गोष्ट ठरलेली असते: पहिलटकरीण आई, दूध उतरायला उशीर, बाळ कमी वजनाचे आणि सुस्त, आणि ‘शांत बाळ आहे, झोपू दे’ म्हणून दूध पाजायला कोणी उठवले नाही. तिसऱ्या दिवशी झटका, पाचव्या महिन्यात आचके. हे नुकसान आमच्या विभागात कुठलेही औषध देऊन भरून येत नाही. प्रसूतिकक्षात पहिल्या तासात बाळ छातीशी लावणे, आणि सुस्त किंवा लहान बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन साखर मोजणे, यानेच ते टळते. आमच्या बाह्यरुग्ण कक्षातील नोंदी नीट ठेवल्या, तर कोणत्या भागातून अशी बाळे पुन्हा पुन्हा येतात हे दिसते, आणि तिथल्या परिचारिकांपर्यंत ते पोहोचवता येते. माझ्या दृष्टीने हे संशोधनच आहे, जरी त्यात चिठ्ठी काढायची नसली तरी.

जुईचा_मांडव

थोडी पूरक माहिती. आचके थांबल्यावरही अनेक बाळांना वर्षानुवर्षे व्यायामोपचार आणि वाचा-उपचार लागतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. दर खेपेस मुंबई-पुणे गाठण्याची गरज पडेलच असे नाही. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे, तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो आणि त्यात नियमित उपचारपद्धतीही येतात. त्यासाठी दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. पुष्कळ पालक तो काढायला तयार नसतात. मूल मोठे होऊन बरे होईल तर शिक्का कशाला, असे त्यांना वाटते. त्यांना घाई करू नये, पण योजना आहे हे सांगावे.

रोखठोक

डॉक्टरांनी मान्य करण्याजोगे मान्य केले, त्यामुळे माझा विरोध बराच सौम्य झाला आहे. एक प्रश्न उरतो. ज्यांनी बाळ दिले, त्यांना अभ्यासाचा निकाल कोण सांगते? संमतीपत्र मराठीत असते, शोधनिबंध इंग्रजीत असतो, आणि तो पालकांना दिसतही नाही.

नीरक्षीर

बहुतेक ठिकाणी कोणीच सांगत नाही. आमच्याकडे मागच्या अभ्यासापासून एक पानी मराठी पत्र पाठवतो: प्रश्न काय होता, किती बाळे होती, काय आढळले, आणि तुमचे बाळ कोणत्या गटात होते. ज्यांचे पत्ते बदलले आहेत त्यांची पत्रे परत येतात, म्हणून आता ती पुढच्या तपासणीच्या भेटीत हातातच देतो. माणगंगाताई, आपल्याला असे काही मिळाले नसेल, तर त्या विभागाच्या नैतिकता समितीच्या सचिवांना लिहा. त्यांचा क्रमांक माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर असतो.